साक्षीचं मोल

घर विकत घेणारा माणूस नेमकं काय विकत घेतो? विटा, पत्रे, सागाची चौकट, अंगणातलं लिंबाचं झाड हे सगळं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं आणि त्याची किंमत दोघांच्या बोलण्यातून ठरते. समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावात एका जुन्या घराचा सौदा १५ लाखांना ठरला, इसार दिला, इसारपावती झाली. घेणाऱ्याचा खर्च इथे संपत नाही. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काचा दर गाव, नगरपंचायत आणि महानगर यांप्रमाणे बदलतो. अधिभार धरून तो साधारण ५ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान राहत आला आहे. मधला ६ टक्के धरला तर ९० हजार रुपये. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे आणखी १५ हजार. दस्ताच्या पानामागे हाताळणी शुल्क, दस्तलेखकाची मजुरी, वकिलाची फी हे वेगळं. लाखाच्या वर गेलेला हा पैसा घर विकणाऱ्याच्या हाती पडत नाही आणि ते बांधणाऱ्या गवंड्याच्याही नाही. मग तो कशाचा मोबदला आहे? मुद्रांक आणि नोंदणी या गोष्टींकडे आपण एक कटकट म्हणून पाहतो, त्यामुळे हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. पण ‘हे घर माझं आहे’ या वाक्याचा अर्थ काय आणि ते खरं ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा धर्मशास्त्राने शतकानुशतकं हाताळलेला प्रश्न आहे. दुय्यम निबंधकाच्या टेबलावर ठेवलेलं चलन हे त्याच प्रश्नाचं आजचं उत्तर. ते उत्तर मला अर्धं बरोबर आणि अर्धं चुकीचं वाटतं. मालकी साक्षीवर उभी राहते. साक्ष देणं हे समाजाचं कर्तव्य असतं. या कर्तव्याला किंमत लावली की ज्याला साक्षीची सगळ्यांत जास्त गरज असते, तोच तिच्याबाहेर राहतो.

मालकी साक्षीवर उभी राहते, हे म्हणणं थोडं उलगडून पाहायला हवं. भाकरी खाल्ली की ती माझी झाली. त्याला कोणाची संमती लागत नाही. सदरा अंगावर आहे तोवर माझा आहे, हे जगाला दिसतं. घराचं तसं नसतं. महागाव, पुसद, उमरखेड या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि चार-सहा महिन्यांनी परततात. तितके दिवस घराला कुलूप असतं, आणि कुलूप तर एका दगडाने फुटतं. तरीही परत आल्यावर ते घर त्यांचंच असतं, कारण शेजारी, गल्ली आणि गाव ते त्यांचं आहे असं मानत असतात. म्हणजे मालकी हे माणूस आणि माती यांच्यातलं नातं वाटलं, तरी तिचा जीव माणसामाणसांतल्या कबुलीत असतो. एकटाच माणूस असलेल्या बेटावर त्या एकट्याला ‘माझं’ म्हणता येईल, पण त्या शब्दाला तिथे काही काम उरणार नाही. ‘माझं’ म्हणजे इतरांनी ‘त्याचं’ म्हणणं. आणि घर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातं तेव्हा बदलते ती ही कबुली. भिंत जागची हलत नाही.

हे आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांनी फार नेमकेपणाने ओळखलं होतं. याज्ञवल्क्यस्मृतीवरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याणीला म्हणजे आजच्या बसवकल्याणला लिहिली गेली. महाराष्ट्रातल्या हिंदू वारसाहक्काचा पाया पुढे तीच ठरली. जमीन कोणत्या मार्गाने एकाकडून दुसऱ्याकडे जाते, या प्रश्नावर विज्ञानेश्वर एक जुनं वचन विचारात घेतो. त्यात सहा गोष्टी सांगितल्या आहेत: गावाची संमती, भाऊबंदांची संमती, शेजाऱ्यांची संमती, वाटेकऱ्यांची संमती, सोनं आणि पाणी. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो विज्ञानेश्वराने केलेला खुलासा. गावाची संमती कशासाठी? गावाने ‘नाही’ म्हटलं तर व्यवहार मोडतो म्हणून नव्हे. तो उघडपणे व्हावा, सगळ्यांना कळावा म्हणून. कारण दान स्वीकारावं ते प्रकाशात, आणि स्थावराचं तर विशेषच, असं याज्ञवल्क्याचं मत आहे. शेजाऱ्यांची संमती कशासाठी? पुढे शिवेचा तंटा उभा राहू नये यासाठी. आणि पाणी का? तर जमीन विकणं मुळात बरं नव्हे, अशी समजूत होती. म्हणून विक्रीलाही दानाचं रूप द्यायचं, घेणाऱ्याच्या हातावर पाणी सोडायचं. ‘पाणी सोडणं’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला प्रयोग दानाच्या याच रीतीतून आलेला. आज तो आपण नुकसान पत्करण्यासाठी वापरतो. मुळात तो चार माणसांसमोर आपला हक्क हातावेगळा करण्याचा विधी होता.

साक्षीचा हा आग्रह केवळ हिंदू शास्त्राचा नाही. बायबलच्या उत्पत्ती ग्रंथात अब्राहाम पत्नीच्या दफनासाठी गुहा घेतो. मालक ती फुकट द्यायला तयार असतो, पण अब्राहाम ऐकत नाही; गावच्या वेशीवर जमलेल्या लोकांसमक्ष ४०० शेकेल चांदी तोलून देतो, कारण परक्या मुलखात उपरा म्हणून राहणाऱ्याला तोंडी औदार्यावर विसंबता येत नाही. कुराणातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा करार लिहून ठेवा आणि साक्षीदार करा, असं सांगण्यात खर्ची पडली आहे. लिहिणाऱ्याने लिहायला नकार देऊ नये आणि साक्षीदाराने बोलावल्यावर मागे सरू नये, हेही तिथेच येतं. लिहिणं आणि साक्ष देणं या दोन्ही गोष्टी तिथे उपकार म्हणून येत नाहीत, कर्तव्य म्हणून येतात. माझ्या युक्तिवादाचा आधार हाच आहे.

आता या आधाराच्या विरुद्ध जाणारा पुरावाही समोर ठेवायला हवा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घराच्या विक्रीवर स्वतंत्र प्रकरण आहे. भाऊबंद, शेजारी आणि धनको यांना क्रमाने पहिला हक्क. मग शेजारच्या ४० कुळांसमोर, त्या घराच्याच दारात, विक्रीचा पुकारा तीनदा. गावच्या वडीलधाऱ्यांसमक्ष सीमांचं वर्णन. आणि शेवटी शुल्क, जे बोली लावून घेणाऱ्याने भरायचं. म्हणजे घर घेणाऱ्याकडून राजाने पैसे घेणं ही इंग्रजांची देणगी नव्हे. ती दोन हजार वर्षांची रीत आहे, असं कोणी म्हटलं तर त्याला खोटं पाडता येणार नाही. पण त्या मांडणीतला क्रम पाहावा. आधी पुकारा, आधी ४० घरांची साक्ष, मग शुल्क. साक्ष शुल्कावर अवलंबून नाही. आणि तिथेच आणखी एक नियम आहे: चढाओढीने किंमत वाढली तर ती वाढ शुल्कासह राजाच्या कोशात जाते. म्हणजे विकणाऱ्याला आयत्या मिळणाऱ्या वाढीवर कौटिल्याची नजर होती. या नियमाकडे मी पुन्हा येईन, कारण आपल्या आजच्या कायद्याने यातलं शुल्क उचललं आणि वाढीचा विचार मागे ठेवला.

महागावच्या मुलखात या साक्षीचा फार जुना लेखी अवशेष आहे. महागाव ज्या पुसद भागात मोडतं तो भाग १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता; त्या वर्षी वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळकडे आलं. याच वाशीमला, जुन्या वत्सगुल्माला, १९३९ साली वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला. यवतमाळचे संशोधक य. खु. देशपांडे हे त्यावर सुरुवातीला लिहिणाऱ्यांपैकी एक. नांदिकट म्हणजे नांदेडच्या उत्तर मार्गातलं एक गाव राजाने आपल्या राजवटीच्या ३७व्या वर्षी अथर्ववेदी ब्राह्मणांना दिलं आणि त्यावरचे कर माफ केले, असा तो दस्त आहे. वाशीम आणि नांदेड यांच्या मधला प्रदेश म्हणजे आजचा पुसद-महागावचाच शेजार. त्या काळचं दानपत्र हे आजच्या खरेदीखतासारखंच कामाचं असे: देणारा कोण, घेणारा कोण, गाव कुठलं, सीमा कोणत्या, सुटी कोणत्या. फरक दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे दस्त करवून देण्याचा भार देणाऱ्यावर असे. याज्ञवल्क्यही सांगतो की, जमीन देणाऱ्या राजाने पुढच्या राजांच्या माहितीसाठी लेख करून ठेवावा. दुसरं म्हणजे मोडणाऱ्याला भीती घातली जाई ती नरकाची. अशा दानपत्रांच्या अखेरीस शापवचनं असत, आणि शिलाहार-यादवांच्या काळात कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात तर तो शाप गद्धेगाळीच्या दगडावर चित्रासकट कोरला गेला, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही कळावा. शापावरचा विश्वास आज उरला नाही. त्या दगडाची जागा मुद्रांकाने घेतली आहे. दगड मात्र रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला फुकट दिसायचा.

आजचा कायदा सांगतो तो असा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२चा. त्याप्रमाणे १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. १९०८चा नोंदणी कायदा ही नोंदणी सक्तीची करतो. १९५८चा महाराष्ट्र मुद्रांक कायदा त्या दस्तावर शुल्क बसवतो. इथवर सगळं साक्षीच्या तत्त्वाशी जुळतं. दुय्यम निबंधकासमोर दोघं हजर राहतात, फोटो आणि अंगठे घेतले जातात, ओळख पटवणारे दोघं सोबत असतात, दस्तात पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक अशी चतुःसीमा लिहिली जाते. विज्ञानेश्वराचे शेजारी आणि गावकरी या कागदात अजून सावलीसारखे उभे आहेत. पण त्याच मुद्रांक कायद्यात एक कलम आहे, ३४वं: पुरेसा मुद्रांक नसलेला दस्त न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही; राहिलेलं शुल्क दंडासह भरलं तरच त्याचं तोंड उघडतं. यातला विचार नीट पाहावा. दस्त खोटा आहे असं कोणी म्हणत नाही. सह्या खऱ्या, साक्षीदार खरे, पैसे खरोखर दिलेले. तरीही तो सत्य बोलू शकत नाही, कारण बोलण्याची किंमत भरलेली नाही. मुद्रांकाचा जन्मच मुळी तिजोरीसाठी झाला: हॉलंडमध्ये १६२४ साली आणि इंग्लंडमध्ये १६९४ साली तो लढाईच्या खर्चासाठी आला. साक्ष आणि तिजोरी या दोन निराळ्या गोष्टी एका कागदावर आणून बांधल्या गेल्या, आणि तिजोरीने साक्षीच्या दाराची कडी आपल्या हाती घेतली.

यावर पहिला आक्षेप धर्माच्याच बाजूने येईल, आणि तो वजनदार आहे. घर, जमीन, मालकी हा सगळा मोहाचा पसारा. संतांनी तो सोडायला सांगितला आणि तुम्ही त्याची नोंदणी स्वस्त करा म्हणता! महागावच्या पलीकडे पैनगंगा ओलांडली की माहूर आहे, दत्तात्रेयाचं स्थान. या सगळ्या परिसरावर महानुभाव पंथाची छाया आहे, आणि चक्रधरांनी आपल्या अनुयायांना स्वतःच्या देशाचा आणि गावाचा संबंध सोडायला सांगितलं होतं. तुकारामांनी वडिलोपार्जित सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत १०० एकर जमीन मिळाली ती एका माणसाच्या तोंडच्या शब्दावर. या तिन्ही उदाहरणांना माझं उत्तर त्यांच्यातूनच देता येतं. चक्रधरांची ती आज्ञा संन्यासमार्गावरच्यांसाठी होती. घरी राहणाऱ्या वासनिकांसाठी पंथाने वेगळी वाट ठेवली. तुकारामांची गोष्ट तर नेहमी अर्धीच सांगितली जाते. परंपरेप्रमाणे त्यांनी खतांचे दोन भाग केले, एक भाऊ कान्होबाला दिला आणि फक्त आपला बुडवला. बुडवलेले कागद हे कुळांवर आपली सत्ता चालवणारे कागद होते. कुळाच्या झोपडीचा कागद त्यांनी बुडवला असता, तर त्याला त्याग म्हणता आलं नसतं. स्वतःचा हक्क सोडणं हा संतांचा धर्म असू शकतो. दुसऱ्याच्या हक्काची साक्ष न देणं हा कोणाचाच धर्म नाही. आणि विनोबांच्या भूदानाची कहाणी या बाबतीत सगळ्यांत शिकवणारी आहे. सभेत दिलेल्या शब्दाने जमीन भूमिहीनाची होत नाही, हे दिसताच त्यासाठी कायदे करावे लागले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्या राज्याने १९५३ साली भूदान यज्ञ कायदा केला आणि दान जाहीर करणं, त्याची चौकशी होणं, ते नोंदलं जाणं या सगळ्याची रीत घालून दिली. निर्मळ मनाने दिलेलं दानसुद्धा साक्षीशिवाय घेणाऱ्यापर्यंत पोचत नाही. मालकी माया आहे असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने स्वतःची सोडावी. ऊसतोडीहून परतणाऱ्या बाईला तिच्या घराचा कागद ही माया आहे असं सांगण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा आहे. गावात शब्द पुरेसा असतो. तांड्यात नाईक आणि कारभारी यांच्यासमोर झालेला व्यवहार कोणी मोडत नाही. कागद हा अविश्वासाचा धंदा आहे. यात तथ्य आहे. कागदाने गरिबाला लुबाडल्याचा इतिहास आपल्याच राज्यात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि दंगे पुणे-अहमदनगर भागात पसरले, तेव्हा त्यांना हवी होती ती कर्जखतं. ती हाती आली आणि जाळली की बहुतेक ठिकाणी मारहाणीपर्यंत गोष्ट जात नसे. पण त्या दंग्यांतून १८७९ साली आलेल्या दख्खन शेतकरी कायद्याने काय केलं हे पाहावं. त्याने कागद रद्द केला नाही. गावपातळीवर निबंधक नेमण्याची तरतूद केली आणि शेतकऱ्याचा दस्त त्यांच्यासमोर झाला पाहिजे अशी अट घातली. लुबाडणूक कागदाने होत नव्हती, अंधारात झालेल्या कागदाने होत होती. सावकाराच्या दिवाणखान्यात, न वाचता येणाऱ्या माणसाचा अंगठा घेतला जात होता. त्यावरचा इलाज एकच होता, तो कागद प्रकाशात आणणं. म्हणजे विज्ञानेश्वराने सांगितलेलंच. आणि शब्दाचं म्हणाल तर शब्द देणाऱ्याच्या आयुष्याइतकाच टिकतो. नाईक वारतो, विकणारा वारतो, त्याची मुलं पुण्याला असतात, आणि एक दिवस जागेची किंमत वाढल्यावर ती परत येतात. नागपूर-तुळजापूर महामार्ग रुंद झाल्यावर त्याच्या कडेच्या जागांना जो भाव आला, त्याने अशा कितीतरी शब्दांची परीक्षा पाहिली असेल.

या दोन आक्षेपांच्या मधल्या जागेत आजचं खरं दुःख आहे. नोंदणीचा खर्च झेपत नाही, म्हणून माणूस बाँडपेपरवर सौदाचिठ्ठी करतो, नोटरीचा शिक्का घेतो आणि घरात राहायला जातो. त्याला वाटतं, आपण कागद केला. तो कागद त्याला मालक करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट सांगितलं की, मुखत्यारपत्र आणि करारनामा यांनी विक्री होत नाही. नुसत्या कराराच्या आधारे घराचा ताबा राखण्याची जी मुभा पूर्वी होती, तिच्यासाठीही २००१ पासून करार नोंदवलेला असावा लागतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नाव लागलं, नगरपंचायतीची घरपट्टी भरली, तरी त्याने मालकी सिद्ध होत नाही. तो फक्त कर भरल्याचा पुरावा. ऑक्टोबर २०२४ पासून तर बहुतेक किरकोळ करारांचा १०० रुपयांचा मुद्रांकही ५०० रुपयांचा झाला. म्हणजे पूर्ण साक्ष परवडत नाही म्हणून जो अर्ध्या साक्षीकडे वळतो, त्याला तीही पाचपट महाग. फुलसावंगी, गुंज, हिवरा अशा गावांत आठवडी बाजाराच्या आसपास छोटं घर घेणाऱ्या कुटुंबाचा हा पेच आहे: सगळी पुंजी घराच्या किमतीत गेलेली असते आणि कबुली विकत घ्यायला हाती काही उरलेलं नसतं.

राज्याच्या बाजूने बोलणारा म्हणेल, शाळा, रस्ते, दवाखाने कशावर चालतील? मुद्रांक हा राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे, आणि जो १५ लाखांचं घर घेऊ शकतो तो लाखभर देऊ शकतो. शिवाय रस्ता सार्वजनिक पैशाने होतो आणि त्याच्या कडेच्या जागेची किंमत वाढते, तर त्या वाढीतला वाटा सरकारने का घेऊ नये? हा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, पूर्णपणे. पण तो मान्य केला की कौटिल्याचा तो नियम आठवतो. वाढ कोणाच्या पदरात पडली? विकणाऱ्याच्या. आणि महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्याप्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर, शुल्क कोण भरतो? घेणारा. ज्याला जमिनीने दिलं त्याच्याकडून घ्यावं हे न्यायाचं. ज्याने नुकतीच सगळी बचत रिकामी केली त्याच्याकडून घेणं हे सोयीचं, कारण तो अडलेला असतो. त्याला साक्ष हवी असते. विकणाऱ्याच्या हाती पैसे आले की त्याला दस्ताची फारशी फिकीर उरत नाही. गरजेच्या जागी उभं राहून वसूल केलेली रक्कम कायदेशीर असू शकते, तिला कर म्हणता येतं. ती न्याय्य आहे असं मात्र मला म्हणवत नाही. विकणाऱ्याच्या नफ्यावर आयकर आहे, हे खरं. पण म्हणूनच त्याच व्यवहारात घेणाऱ्यावर दुसरा बोजा का, या प्रश्नाचं उत्तर अजून मिळत नाही.

आणि शासनालाही हे आतून कळलेलं आहे, याचे पुरावे त्याच्याच निर्णयांत आहेत. राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा विधवा सून यांना बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. स्त्रीच्या नावाने घर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून १ टक्का सूट. ते घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही सुरुवातीची अट २०२३ मध्ये काढली गेली. जानेवारी २०२३मध्ये आलेल्या सलोखा योजनेत तर हे तत्त्व फारच स्पष्ट दिसतं. एका शेतकऱ्याची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं १२ वर्षांहून जास्त चाललेलं असेल, तर अदलाबदलीचा दस्त १,००० रुपये मुद्रांक आणि नाममात्र नोंदणी फीमध्ये. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मे २०२५मध्ये झाला. या सगळ्यांमागचा विचार एकच आहे: तंटा मिटण्यासाठी कबुली उघड होणं महत्त्वाचं, वसुली नंतर. कोविडच्या काळात सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी आणि जानेवारी ते मार्च २०२१ २ टक्क्यांनी कमी केलं, तेव्हा नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या. त्या रांगांत गुंतवणूकदार होतेच. पण खर्च कमी झाल्याबरोबर प्रकाशात येऊ पाहणारेही त्यात होते, असं मानायला जागा आहे. बापलेकांतल्या, नवरा-बायकोतल्या कबुलीला २०० रुपये पुरत असतील, तर साक्षीचा स्वतःचा खर्च किती थोडा आहे हे सरकारनेच सांगून टाकलं. मग परक्याकडून पहिलं घर घेणाऱ्याकडून जास्तीचं जे घेतलं जातं, त्याला साक्षीची फी म्हणू नये. तो कर आहे. तो कराच्या नावाने, कराच्या जागी, शक्यतो वाढ ज्याला मिळाली त्याच्याकडून घ्यावा, आणि तो भरला नाही म्हणून दस्ताचं तोंड बंद ठेवू नये. थकलेला कर वसूल करायला सरकारकडे इतर मार्ग भरपूर आहेत.

इथे घेणाऱ्याच्या बाजूचा एक दोष झाकून चालणार नाही. शुल्क वाचवण्यासाठी दस्तात कमी किंमत लिहायची, रेडी रेकनरच्या आकड्यापाशी थांबायचं आणि उरलेले रोख द्यायचे, ही रीत इतकी रुळली आहे की तिला कोणी खोटं म्हणत नाही. शुल्क अन्याय्य असेल तर हे खोटं क्षम्य नाही का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण सरकारचं नुकसान हे नव्हे. साक्ष म्हणून केलेल्या कागदात आपण स्वतःच असत्य घालतो. उद्या तंटा झाला, सौदा फिसकटला, न्यायालयाने पैसे परत करायला सांगितले, तर कागद बोलेल ती कमी किंमत. शेजाऱ्याचं घर त्याच कागदाच्या तुलनेने मोजलं जाईल. जमीन प्रकाशात द्यावी म्हणणाऱ्या परंपरेला अर्धा प्रकाश मंजूर नाही. फुकट किंवा स्वस्त साक्ष मागण्याचा हक्क ज्याला हवा, त्याला खरं लिहिण्याचं कर्तव्यही टाळता येत नाही. राज्याने दर उतरवले आणि लोक खोटं लिहीतच राहिले, तर माझा सगळा युक्तिवाद कोसळेल, हेही मी मान्य करतो.

१९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत फुकट साक्षीची एक साधी तरतूद शिल्लक आहे. शेतजमिनीच्या खरेदीखतानंतर फेरफाराची नोंद होते, तिची नोटीस चावडीवर लागते, संबंधितांना कळवलं जातं, आणि कोणाचं काही म्हणणं असेल तर १५ दिवसांत मांडता येतं. मिताक्षरेतली गावाची संमती आणि अर्थशास्त्रातला तीनदा पुकारा, दोन्ही त्या भिंतीवरच्या कागदात उतरले आहेत. तो वाचायला पैसे पडत नाहीत. पण ही सोय सातबारा असलेल्या जमिनीची. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो; तिथे अनेक ठिकाणी शतकभर मोजणीच झाली नव्हती. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देण्याचं काम हाती घेतलं गेलं, तेव्हा घरांच्या चतुःसीमा पहिल्यांदाच सरकारी नकाशावर आल्या. मिळकत पत्रिका आली म्हणजे त्या घराचीही नोटीस लावता येईल, शेजाऱ्याला नावानिशी कळवता येईल, ग्रामसभेत वाचून दाखवता येईल. महागाव तालुक्यातलं एखादं कुटुंब सहा महिन्यांनी ऊसतोडीहून परतेल आणि शेजारची बाई त्यांना सांगेल की तुमच्या घराचा कागद चावडीवर लागला होता, मी वाचला, शीव बरोबर आहे. त्या वाचनाची किंमत आज त्या कुटुंबाकडून घराच्या किमतीच्या टक्केवारीने घेतली जाते.